चार बोटं डावीकडे

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'मोजणी'. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींची तिला फिकीर नव्हती. तिचं काम एकच. खुर्ची टिकाऊ आहे की नाही ते ठरवायचं. तिच्या टेबलाच्या खणात एक रबरी शिक्का असायचा, त्यावर 'टिकाऊ' एवढाच शब्द. तो कागदावर उठल्याशिवाय नव्या खुर्चीचा एक नगसुद्धा फाटकाबाहेर जात नसे.

टिकाऊ हा शब्द आपण किती सैल हातानं वापरतो. चप्पल घेताना दुकानदाराला विचारतो, टिकेल ना? तो म्हणतो, डोळे झाकून न्या. आपण डोळे झाकूनच नेतो. बादली घेताना विचारतो, कुलूप घेताना विचारतो, मुलीचं लग्न ठरवताना मनातल्या मनात विचारतो. टिकेल म्हणजे किती आणि ते मोजलं कुणी, हे मात्र कुणाच्या बापाला विचारावंसं वाटत नाही. मोजणारं कुणीतरी असतं. मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत, सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत.

त्या खोलीत एक यंत्र होतं. लोखंडी चौकट, तिच्या माथ्यावर हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या आणि दट्ट्याच्या टोकाला कातड्यात शिवलेलं एक धूड. माणसाच्या कमरेपासून मांड्यांपर्यंतचा आकार, वजनही माणसाएवढंच. ते खाली यायचं आणि खालच्या खुर्चीत बसायचं. धप्प. मग दट्ट्यातली हवा सुटायची. हुश्श. मग पुन्हा वर. चार सेकंदांना एक बैठक. पन्नास हजार बैठका झाल्या आणि खुर्ची धड राहिली, तर शिक्का.

कारखान्यातली माणसं त्या धुडाला 'बसण्या' म्हणायची. नवीन पोरांना वाटायचं, यंत्र बसतं म्हणून बसण्या. तसं नव्हतं. ते नाव आधी एका माणसाचं होतं. तिच्या बाबांचं.

यंत्र यायच्या आधी त्या खोलीत माणूस बसायचा. उठायचा आणि बसायचा. दिवसाला दोन हजार वेळा, अशी अकरा वर्षं. शाळेत बाईंनी विचारलं होतं, "वडील काय करतात गं?" ती म्हणाली, "बसतात." वर्ग फिदीफिदी हसला. त्या दिवशी तिनं एकीची वेणी ओढून तिला बाकावरून खाली पाडलं होतं, आणि अजूनही तिला त्याचा पश्चात्ताप नाही. पुढे अठराव्या वर्षी कारखान्यानं तिलाच बाबांसमोर पाटी घेऊन बसवलं. बाबा बसले की खडूची एक रेघ. बोलायचं नाही, कारण बोललं की मोजणी चुकते. बापलेकीनं आयुष्यभरात एकमेकांशी जे बोलायचं, ते तिथं रेघारेघांतच बोलून झालं.

घरी बाबा बसत नसत. आईनं त्यांच्यासाठी भिंतीला छातीच्या उंचीवर एक फळी ठोकून घेतली होती. त्या फळीवर ताट ठेवून ते उभ्यानं जेवायचे. पाहुणे आले की पाहुणे बसायचे आणि हे कोपऱ्यात उभे. संध्याकाळी दिवा लागायच्या आधी त्या कोपऱ्यात नुसती उभी आकृती दिसायची, आणि शेजारची लेकरं त्यांच्या दारावरून पळत जायची. कामावरून काढताना कारखान्यानं त्यांना भेट म्हणून काय दिलं असेल? खुर्ची. त्यांनीच बसून बसून पास केलेली. ती खिडकीपाशी ठेवली होती. त्यांनी तिला कधी पाठ टेकली नाही.

गेले तेही उभ्यानंच. खिडकीपाशी उभे होते, हातात चहा. आईनं कपाला बोट लावून पाहिलं, म्हणाली, गार झाला की. कप घेऊन गेली, चहा गरम करून आणला, पुन्हा त्यांच्या हातात दिला. बोटं मिटली नाहीत, तेव्हा तिला कळलं.

पण त्याच्या सहा वर्षं आधी यंत्र आलं होतं. यंत्राला बसायला कुणाचा तरी आकार लागत होता, तेव्हा बाबांनाच ओल्या प्लास्टरमध्ये बसवून साचा घेतला. त्या साच्यातून कडक ओतीव आकार काढला, त्यावर वाळूची गादी आणि वरून कातडं. बाबा घरी गेले, बसण्या राहिला. पाटीच्या जागी आकडे फिरणारी पेटी आली, आणि पेटीपाशी ती.

बाबा गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा ते घडलं. संध्याकाळी तिनं वहीत चौदा हजार चारशे बारा लिहिले, वीज बंद केली, खोलीला कुलूप घातलं. सकाळी पेटीवर आकडा होता चौदा हजार सहाशे तीस. तिनं मिस्त्रीला बोलावलं. कारखान्यातली सगळी यंत्रं बघणारा हा माणूस बाबांचा दोस्त होता. तो म्हणाला, "पोरी, नळीत हवा उरते. तिच्यानं दट्ट्या हलतो अधूनमधून."

"दोनशे अठरा वेळा?"

"आज सगळी हवा काढून टाकतो."

त्यानं हवा काढली. सकाळी दोनशे पाच जास्त. मिस्त्रीनं पेटी उघडली, पुसली, बंद केली, आणि त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. ती रोज सकाळी वरचा आकडा वजा करायची आणि आपला दिवस आपल्या आकड्यापासून सुरू करायची. सोळा वर्षं. माणसाला सवय कशाचीही होते. फक्त सकाळी कुलूप काढल्यावर ती लगेच आत जात नसे. दार ढकलून क्षणभर बाहेर थांबायची. आत कुणी आवरतं घेत असेल तर त्याला वेळ द्यावा, तसं.

मग नवे साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर नवी खुर्ची. तिचं नाव त्यांनी 'हलकी' ठेवलं होतं. पाहुणे आले की ते तिला दोन बोटांनी उचलून दाखवायचे. बारीक पाय, एकसंध पातळ बैठक, दिसायला देखणी. एका मोठ्या रुग्णालयाची मागणी आली होती. बाहेर थांबणाऱ्या नातेवाइकांसाठी सहाशे खुर्च्या.

पहिली हलकी एकतीस हजार दोनशे सहाव्या बैठकीला गेली. डाव्या मागच्या पायाच्या सांध्यापाशी आधी केसाएवढी रेघ, मग कडाक्. दुसरी अठ्ठावीस हजार नऊशे चाळीसला गेली. तीच जागा. कुरकुरणं नाही, डगमगणं नाही. साधी खुर्ची मोडायच्या आधी आठवडाभर तक्रार करते. ही शेवटपर्यंत हसतमुख.

साहेब स्वतः खोलीत आले. यंत्र सुरू करायला लावलं आणि गुडघ्यावर बसून बघत राहिले.

"बाई, खुर्ची फुटत नाहीये. तुमचं यंत्र ती फोडतंय."

"यंत्र त्यासाठीच आहे साहेब."

"सरळ बसून फोडू दे की मग. हे बघा कसं येतंय. तिरकं येतंय."

मिस्त्रीनं ओळंबा लावला. साहेब खरं बोलत होते. बसण्या डाव्या अंगाला झुकून बसत होता, चांगला चार बोटं.

बावीस वर्षं मोजणीबाई त्याच्यासमोर बसत होती. लाखो वेळा तिनं त्याला बसताना पाहिलं होतं. तिला ते तिरकं कधी दिसलंच नव्हतं. तिच्या लेखी माणूस असाच बसतो.

"सरळ करा," साहेब म्हणाले. "मग पुन्हा चाचणी. शिक्का मारा आणि माझ्याकडे पाठवा. गाडीची तारीख ठरलीय."

मिस्त्रीनं बोल्ट सैल करून धूड सरळ केलं, बोल्ट आवळले आणि ते फिरू नयेत म्हणून प्रत्येकावर लाल रंगाची खूण केली. धप्प, हुश्श. बसण्या सरळ बसू लागला. तिला ते बघवेना. नातेवाईक दवाखान्यातून घरी यावा आणि त्याचा चेहरा तोच पण नजर वेगळी असावी, तसं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूड चार बोटं डावीकडे होतं. लाल खुणा जशाच्या तशा, एकही बोल्ट हललेला नाही.

मिस्त्रीनं पुन्हा सरळ केलं. पुन्हा सकाळी तेच. साहेबांचा संशय तिच्यावर गेला, जाणारच. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली घरी नेली. सकाळी सगळ्यांसमोर स्वतः दार उघडलं. बसण्या डावीकडे कलंडून लटकत होता आणि पेटीवर दोनशे अकरा जास्त होते. साहेबांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"वाळू एका बाजूला बसलीय आतली," ते म्हणाले. "हे काढून फेका. मी नवा आकार मागवतो. मोजून मापून केलेला."

दुपारपर्यंत कातडं फाडून वाळू ओतून टाकली होती आणि आतला ओतीव आकार भंगाराच्या ढिगावर पडला होता. जेवणाच्या सुट्टीत ती तिथं गेली. राखाडी, कडक, थंडगार. उजव्या बाजूला पँटच्या खिशाची शिवण उमटली होती आणि मागे आईनं घातलेल्या ठिगळाचा चौकोन, टाके मोजता येतील इतका स्पष्ट. तिनं तो पोत्यात गुंडाळला आणि संध्याकाळी बसमध्ये शेजारच्या सीटवर ठेवला.

कंडक्टर आला. "हे काय आहे?"

"वडिलांचं आहे."

"मग मांडीवर घ्या. सीट अडवू नका."

तिनं मांडीवर घेतलं. लहानपणी बाबांनी तिला घेतलं असेल, एखाद्या सुट्टीच्या दिवशी. आता तिनं बाबांना घेतलं होतं, आणि दर खड्ड्याला ते डावीकडे कलत होते.

आईला आता जवळजवळ दिसत नव्हतं. मोजणीबाईनं पोतं सोडून तो आकार तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. आईनं दोन्ही हातांनी चाचपलं. ठिगळापाशी अंगठा थांबला. मग हात बाजूंवरून फिरले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि ती म्हणाली, "हा संध्याकाळचा आहे."

"म्हणजे?"

"अगं, दमलेला आहे. सकाळी जायचा तेव्हा सरळ असायचा. दुपारनंतर त्याचा उजवा गुडघा वाकायचा नाही, मग सगळा भार डाव्यावर टाकून खाली यायचा. घरी आला की मला उंबऱ्यावरून कळायचं. पायच तसे पडायचे." तिनं आकारावर थोपटलं. "कुणी मेल्यानं याला संध्याकाळी साच्यात बसवला?"

लेक पोत्याची घडी घालत राहिली.

"खुर्चीत ठेव त्याला," आई म्हणाली. "एकदाचा बसू दे."

तिनं तो खिडकीपाशीच्या भेटीच्या खुर्चीत ठेवला. अगदी बरोबर बसला, जणू दोघं एकमेकांसाठीच केलेली. सकाळी उठून पाहते तर खुर्ची रिकामी. आकार कोपऱ्यात होता, फळीखाली, भिंतीला टेकून मांड्यांच्या टोकांवर उभा.

"आई, तू ठेवलास?"

"मला दिसतं कुठं?" आई चहा फुंकत म्हणाली. "नाही बसायचा तो. राहू दे."

ती कारखान्यात गेली ती थेट मिस्त्रीच्या टेबलापाशी. "काका, साचा किती वाजता घेतला होता?"

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. बावीस वर्षं तो या प्रश्नाची वाट पाहत होता असं त्याच्या तोंडावरून दिसलं.

"सकाळी घ्यायचा होता," तो म्हणाला. "प्लास्टर उशिरा आलं. साहेब, म्हणजे तेव्हाचे, म्हणाले आजच उरका. तोवर भोंगा होऊन गेला होता. तुझ्या बापाच्या त्या दिवशीच्या दोन हजार झाल्या होत्या, वर दोनशे. वरचे दोनशे करूनच घरी जा म्हणायचे ना त्याला रोज. तसाच बसवला साच्यात. सरळ बस म्हणालो. तो म्हणाला, सरळच बसलोय की."

"आणि चूक कळली कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. पण कुणाला सांगू? साचा फोडला असता आणि माझी नोकरी गेली असती. आणि पोरी, खुर्च्या तर चांगल्या निघत होत्या. पूर्वी, तुझा बाप अर्धा दिवस सरळ बसायचा तेव्हा, बाहेर गेलेला माल परत यायचा. यंत्र आल्यापासून एक खुर्ची परत आली नाही. साहेबलोकांना वाटलं यंत्राची करामत."

तिच्या डोक्यात लख्ख झालं. बावीस वर्षं या कारखान्यानं जी जी खुर्ची विकली, ती ती एका थकलेल्या माणसाच्या बैठकीवर पारखलेली होती. गुडघा न वाकणारा, अंग टाकून देणारा, एका कुशीवर कोसळणारा माणूस. टिकाऊपणाचं माप चुकीनं का होईना बरोबर माणसावर घेतलं गेलं होतं. आणि आता ते दुरुस्त करायला निघाले होते.

नवा आकार आला. गुळगुळीत, दोन्ही बाजू सारख्या, कुणाच्याही खिशाची शिवण नाही. हलकी त्याच्याखाली पन्नास हजार बैठका हसत निघाली. एक ओरखडा नाही. पेटीवरचा आकडा सकाळी आदल्या संध्याकाळचाच असायचा. दार उघडल्यावर थांबायचं कारण उरलं नव्हतं, तरी ती थांबायची. आत आता कुणीच नव्हतं, आणि त्या कुणी नसण्याचीच तिला पहिल्यांदा भीती वाटली.

साहेबांनी तिला बोलावून कागद पुढे सरकवला. "शिक्का."

"नाही मारणार."

"पन्नास हजार झाल्यात की नाही? तुमच्याच वहीत आहे."

"झाल्यात. पण सरळ बसणाऱ्याच्या झाल्यात. तिथं कोण बसणार आहे साहेब? रुग्णालयाच्या बाहेर ताजंतवानं कुणी येतं का? चार रात्री जागलेली आई येते. दोन जिने चढून म्हातारा येतो. ती बसत नाहीत, पडतात. तुम्ही दमून बसा एकदा हलकीवर."

"मी कशाला दमू?"

"तेच म्हणतेय मी."

साहेबांनी खण उघडायला लावला, शिक्का काढून घेतला आणि स्वतःच्या हातानं कागदावर उठवला. तिची बदली बांधणीच्या खात्यात झाली. तिथं पाच बायका खुर्च्यांना पुठ्ठे लावून, दोऱ्या आवळून, ढीग रचायच्या. गाडी बारा दिवसांनी निघणार होती.

सहाशे हलक्या रांगेनं मांडलेल्या होत्या, जणू कुणी यायचं होतं आणि आलं नव्हतं. मोजणीबाईनं पहिल्या दिवशी त्यातली एक उचलली, खांबाजवळ ठेवली आणि तिच्यात बसली. उठली. पुन्हा बसली.

बांधणीतली सगळ्यांत थोरली, जिला सगळ्या मावशी म्हणायच्या, ती बघत होती. "काय गं, जिन्याखालच्या खोलीतून येताना डोकं तिथंच ठेवून आलीस का?"

तिनं सगळं सांगितलं. बाबा, साचा, चार बोटं, अठ्ठावीस हजार. न चिडता सांगायचा तिचा विचार होता, तो दुसऱ्या वाक्यालाच मोडला. मावशीनं ऐकून घेतलं, दोरी खाली टाकली.

"सरक. मला बसू दे. माझी कंबर सकाळपासून गेलीय. तिरकं बसायला मला शिकवावं लागणार नाही."

सहाही जणी लागल्या. तिघी बांधायच्या, तिघी आळीपाळीनं बसायच्या. एक उठली की दुसरी. खांबावर खडूच्या रेघा. दिवसाला दोन हजारांवर. दुपारनंतर कुणाच्याच अंगात सरळ बसायचं त्राण उरत नसे, आणि तेव्हाची बैठक खरी.

चौथ्या दिवशी साहेब तिकडून चालले होते. "काय चाललंय हे?"

"दमलो की बसतो, साहेब," मावशी म्हणाली.

"इतक्या वेळा?"

"इतक्या वेळा दमतो."

पुठ्ठे तर वेळेवर बांधले जात होते. बोलायला जागा नव्हती. ते गेले.

आठव्या दिवशी सकाळी खांबावरच्या रेघा वाढलेल्या होत्या. ठेंगणी ठुसकी एक बाई बांधणीत होती, तिनं पहिल्यांदा पाहिलं आणि ती मागे सरली. रेघा त्यांच्यासारख्या नव्हत्या. लांब, डावीकडे कललेल्या, खालच्या बाजूला खडू दाबून ओढलेल्या. मोजणीबाईनं मोजल्या. दोनशे सात. तिनं फडकं ओलं केलं आणि त्या पुसायला लागली.

"अगं ठेव की," मावशी म्हणाली. "दिवस कमी आहेत. कुणी का बसलं असेना, आपल्या फायद्याचंच आहे."

"साहेब विचारतील कुणी बसलं, तर काय सांगशील? आपल्या सहा जणींच्या बसण्याचा हिशोब मला छातीठोक सांगता आला पाहिजे. नाहीतर त्यांच्या शिक्क्यात आणि माझ्या रेघांत फरक काय राहिला?"

तिनं पुसलं. पुढचे चारही दिवस रोज सकाळी पुसलं. एक रेघ ठेवली नाही. तिकडे तारीख जवळ येत होती. बाराव्या दिवशी सकाळी गाडी फाटकातून आत आली, तेव्हा खांबावर पंचवीस हजार आठशे होते आणि हलकी नव्या नवरीसारखी दिसत होती. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मोजणीबाईचं धैर्य खचलं. तीन हजार बैठका कमी पडणार होत्या आणि दुपारी चारला गाडी सुटणार होती. माणसं ढीग उचलून गाडीत रचू लागली. साहेब कागद घेऊन उभे.

अडीच वाजता चहा आला. सहाही जणी खांबाजवळ उभ्या राहून पीत होत्या, कारण सकाळपासून इतकं बसून झालं होतं की आता उभं राहणं हीच विश्रांती होती. हलकी त्यांच्या मधोमध रिकामी. लख्ख दुपार, वरच्या झरोक्यातून ऊन सरळ तिच्या बैठकीवर पडलं होतं.

धप्प.

आवाज सगळ्यांनी ऐकला. खुर्ची जमिनीत बोटभर दबल्यासारखी झाली, बैठकीचा पातळ पत्रा डाव्या अंगाला वाकला आणि उन्हात त्यावर खळगा पडला. माणूस बसल्यावर पडतो तसा. मग लांब सुटलेला श्वास. हुश्श. आणि त्या श्वासाच्या शेवटी, डाव्या मागच्या पायापाशी, कडाक्.

खुर्ची कलंडली आणि एका कुशीवर पडून राहिली.

मावशीच्या हातातला पेला तसाच राहिला. साहेब वीस पावलांवर होते. तेही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट होतं की त्यांनीही सगळं पाहिलं. ते जवळ आले. तुटलेला पाय त्यांनी उचलला, उलटा केला. पुन्हा खाली ठेवला.

"कोण बसलं होतं?" त्यांचा आवाज बसलेला होता.

मोजणीबाई खांबापाशी गेली. तिनं खडू घेतला. क्षणभर थांबली. मग आपल्या रेघांच्या शेवटी आणखी एक रेघ ओढली, सगळ्यांच्या देखत.

"ही धरली," ती म्हणाली. "सात माणसांनी पाहिलीय. तुमच्यासकट."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. गाडीत चारशेवर खुर्च्या चढल्या होत्या. प्रत्येकीचा डावा मागचा पाय तसाच, तेवढाच बारीक. मग त्यांनी गाडीवाल्याला हातानं खूण केली. उतरवा.

उतरवायला अंधार पडेपर्यंत वेळ लागला. गाडीची माणसं, सहा बायका, मिस्त्री, आणि शेवटी अस्तन्या वर करून साहेबसुद्धा. सगळ्यांच्या पाठी भरून आल्या होत्या. भोवती सहाशे खुर्च्या मोकळ्या पडल्या होत्या, आणि त्या अख्ख्या संध्याकाळी कुणीही, एकदाही, खाली टेकलं नाही.